पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ (१९७३): ओरिजिनल काय आणि नंतर चढवलेलं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या गाडीबद्दल लोक विचारतात ते प्रश्न फिरून फिरून तेच असतात, त्यामुळे सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. क्रम सोयीने लावलाय, हवं तिथून वाचा, पण गाडी विकत घ्यायचा विचार असेल तर चेसिस नंबरचा आणि इंजिनचा भाग सोडू नका.

आरएस २.७ म्हणजे नक्की काय, साध्या ९११ पेक्षा वेगळं काय?

आरएस म्हणजे रेनस्पोर्ट, जर्मनमध्ये मोटर रेसिंग. पोर्शेला ९११ ग्रुप ४ रेसिंगमध्ये उतरवायची होती आणि नियम असा की तशा निदान ५०० गाड्या रस्त्यासाठी बनवून विकल्या पाहिजेत. तेव्हा कंपनीची सूत्रं एर्न्स्ट फुरमान यांच्याकडे होती, त्यांनी हा प्रोजेक्ट पुढे रेटला. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिस मोटर शोमध्ये गाडी दाखवली, विक्री विभागाला वाटत होतं ५०० सुद्धा खपायच्या नाहीत, आणि नोव्हेंबर संपेपर्यंत सगळ्या ५०० विकल्या गेल्या! मग बनवतच राहिले आणि शेवटी आकडा १,५८० वर गेला.

इंजिन २,६८७ सीसीचं, २१० पीएस (म्हणजे जर्मन मोजणीतली हॉर्सपॉवर), ६,३०० आरपीएमला. त्याच वर्षीच्या ९११ एसमध्ये २,३४१ सीसी आणि १९० पीएस होते. पत्रा पातळ, मागचे मडगार्ड रुंद, मागे पुढे वेगवेगळ्या मापाची चाकं आणि मागच्या इंजिनच्या झाकणावर ती शेपटी, म्हणजे स्पॉयलर. कॅरेरा हे नाव ९११ वर पहिल्यांदा आलं तेही याच गाडीवर.

एकूण किती बनल्या आणि किती प्रकारच्या?

चार प्रकार आहेत. १७ गाड्या अगदी मूळ होमोलोगेशनच्या (रेसिंगची मान्यता मिळवण्यासाठी बनवलेल्या), म्हणजे आरएसएच. २०० स्पोर्ट, ऑप्शन कोड एम४७१, यांनाच सगळे लाइटवेट म्हणतात. १,३०८ टूरिंग, कोड एम४७२. आणि ५५ रेसिंगच्या आरएसआर, कोड एम४९१. बेरीज करून बघा, बरोबर १,५८० होते.

गाडीची मूळ किंमत ३४,००० जर्मन मार्क होती, स्पोर्ट पॅकेजला वर ७०० मार्क आणि टूरिंग पॅकेजला २,५००. म्हणजे तेव्हा टूरिंग महाग होती, लोकांना रेडिओ, गालिचा, मागची सीट हवी होती. आज उलटं झालंय, लाइटवेट दुर्मिळ म्हणून तिला जास्त भाव, आणि म्हणूनच टूरिंगचं सामान काढून तिला लाइटवेट बनवायचे उद्योग चालतात. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

चेसिस नंबर कसा वाचायचा?

दहा आकडी नंबर असतो आणि तो नीट वाचला तर अर्धं काम तिथेच होतं. समजा ९११३६००५०० असा नंबर आहे (हा फक्त समजावायला घेतलाय). पहिले तीन आकडे ९११, म्हणजे गाडीचा टाइप. चौथा ३, म्हणजे १९७३ चं मॉडेल. पाचवा ६, आणि सगळ्यात महत्त्वाचा हाच, कारण ६ म्हणजे कॅरेरा आरएस. ९११ ई असेल तर तिथे २ येतो, ९११ एस असेल तर ३ येतो. सहावा आकडा ०, म्हणजे कूपे, टार्गाला (छताचा मधला भाग काढता येणाऱ्या गाडीला) तिथे १ असतो आणि आरएस फक्त कूपेच होती, त्यामुळे कोणी "आरएस टार्गा" दाखवत असेल तर नमस्कार करून निघा. शेवटचे चार म्हणजे अनुक्रम. पहिले दहा नंबर प्रोटोटाइपकडे गेले आणि विक्रीच्या गाड्या ००११ पासून १५९० पर्यंत, म्हणजे परत तेच १,५८०.

आता बघा, कोणी ९११३३ ने सुरू होणारी गाडी शेपटी लावून, कॅरेरा लिहून, मागे रुंद चाकं घालून आणली तर ती १९७३ ची ९११ एस आहे. उत्तम गाडी आहे, पण आरएस नाही. विकणारा "कारखान्यातूनच स्पेशल ऑर्डरने अशी बनवून घेतली होती" वगैरे गोष्ट सांगेल, ऐकून घ्या, पाचवा आकडा काही त्यामुळे बदलत नाही.

नंबर कुठे असतो, आणि नंतर मारलेला असेल तर कळतो का?

९११ चं इंजिन मागे असल्यामुळे सामानाची डिक्की पुढे असते. तिथेच, पेट्रोलच्या टाकीजवळ, गालिचा उचलला की बॉडीच्या पत्र्यावर नंबर ठोकलेला दिसतो. शिवाय पुढच्या डिक्कीत लॉकच्या बाजूला अॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावरही तोच नंबर. पट्टी दोन रिव्हेटवर बसते, म्हणजे काढून दुसरी लावणं हे पाच मिनिटांचं काम, त्यामुळे नुसती पट्टी बघून खूश होऊ नका. खरा पुरावा पत्र्यावरचा.

पत्र्यावरचा नंबर बघताना घाई करू नका, टॉर्च आडवा धरा म्हणजे उजेड बाजूने पडेल आणि सावल्या दिसतील. आकड्यांची उंची, खोली आणि ओळ बघा. कारखान्यातले आकडे एका ठरावीक ठशाचे असतात, एखादा आकडा वेगळ्या वळणाचा किंवा जास्त खोल गेलेला असेल तर थांबा. मग नंबराच्या आजूबाजूचा पत्रा हाताने चाचपा. नंबराचा तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून वेल्ड केलेला असेल तर चारही बाजूंनी कुठेतरी ग्राइंडरची रेघ, पुट्टीचा उंचवटा किंवा रंगाचा जाड थर सापडतोच, आणि वरून सापडला नाही तर खालून, टाकी काढल्यावर सापडतो. टाकी काढू द्यायला मालक तयार नसेल तर तेही एक उत्तरच आहे असं मी धरतो.

याशिवाय बॉडीचा प्रॉडक्शन नंबर वेगळा असतो, तो चेसिस नंबराशी जुळत नाही आणि जुळायचाही नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि उगाच घाबरतात. कारखान्याच्या रेकॉर्डमध्ये दोन्हींची जोडी नोंदलेली असते. बऱ्याचदा या प्रॉडक्शन नंबराचे शेवटचे आकडे आतल्या पॅनलच्या, डॅशच्या पॅडच्या मागच्या बाजूला पेन्सिलने किंवा खडूने लिहिलेले सापडतात. खोटी गाडी बनवणारा बाहेरचं सगळं करतो पण डॅशच्या पॅडमागे पेन्सिलने लिहायला जात नाही, त्यामुळे असे आकडे सापडले आणि रेकॉर्डशी जुळले तर मला तरी ठोकलेल्या नंबराइतकाच विश्वास त्यावर वाटतो.

इंजिन नंबर कसा ओळखायचा? "मॅचिंग नंबर्स" म्हणजे नक्की काय?

आरएसचं इंजिन टाइप ९११/८३. टाइप आणि नंबर दोन्ही क्रँककेसवर (इंजिनच्या मुख्य कवचावर), मागे कूलिंग फॅनच्या बाजूला ठोकलेले असतात. नंबर सात आकडी, आरएसचा ६६३ ने सुरू होतो: पहिला ६ सहा सिलिंडरचा, दुसरा ६ कॅरेराचा, तिसरा ३ वर्षाचा. १९७३ च्या एसचं इंजिन ६३३ ने आणि ईचं ६२३ ने सुरू होतं, पद्धत तीच.

मॅचिंग नंबर्स म्हणजे चेसिस आणि इंजिनचे नंबर एकसारखे असणं असा खूप जणांचा समज आहे, तसं नसतं. कारखान्यातून त्या चेसिसमध्ये जे इंजिन बसून बाहेर पडलं तेच आज तिच्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि हे फक्त कारखान्याच्या नोंदीवरूनच सिद्ध होतं. "६६३ आहे ना, मग मॅचिंग" हे चालत नाही, ते दुसऱ्या एखाद्या आरएसचं असू शकतं.

इंजिनावर ९११/८३ आहे पण नंबर ६६४ ने सुरू होतो, मग ते खोटं का?

खोटं नाही, पण या गाडीचं नाही. हे नीट समजून घ्या कारण यात चांगले जाणकार पण गडबडतात. पोर्शेने हेच ९११/८३ इंजिन, तीच मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन आणि तेच २१० पीएस, १९७४ आणि १९७५ च्या युरोपमधल्या कॅरेरा २.७ मध्येही वापरलं. त्यांचे नंबर ६६४ आणि ६६५ ने सुरू होतात. आरएसचं मूळ इंजिन गेलं असेल, रेसमध्ये फुटलं असेल, तर त्या जागी हे इंजिन बसवणं हा सगळ्यात शहाणपणाचा पर्याय आहे, चालवायला काडीचाही फरक नाही. फक्त विकताना ते स्पष्ट सांगितलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे. तिसरा आकडा घासून ४ चा ३ केलाय का, एवढं मात्र भिंगाखाली बघाच.

अमेरिकेत १९७४ मध्ये कॅरेरा नावाने विकलेल्या गाडीत मात्र ९११/९३ इंजिन होतं, १७५ एचपी आणि वेगळी इंजेक्शन. नाव एकच असल्यामुळे जाहिरातीत फार गोंधळ होतो. आरएस २.७ रस्त्यावरची गाडी म्हणून अमेरिकेत अधिकृतपणे विकलीच गेली नाही, तिथे आज ज्या आहेत त्या नंतर गेलेल्या.

इंजिन उघडलेलं असेल तर आत काय बघायचं?

बोअर (सिलिंडरचा व्यास) ९० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७०.४ मिमी. एसचा स्ट्रोक तोच, पण बोअर ८४. म्हणजे एसच्या इंजिनाला मोठे सिलिंडर लावले की क्षमता २.७ होऊ शकते आणि तसं पुष्कळांनी केलंय, म्हणून नुसत्या मापावरून आरएसचं इंजिन ठरत नाही. सिलिंडरला आतून निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) लेप असतो, त्यामुळेच एवढा मोठा बोअर त्या जागेत बसवता आला.

इंजेक्शनचा पंप बॉशचा. आत एक थ्रीडी कॅम असतो, किती आरपीएमला आणि किती अॅक्सिलरेटरला किती पेट्रोल द्यायचं ते त्याच्या आकारावर ठरतं, आणि आरएसचा कॅम २.७ साठी वेगळा घडवलेला आहे. एसचा पंप लावला तर गाडी सुरू होते, चालते, पण मिश्रण जुळत नाही. पंपावर प्लेट असते, तिच्यावरचा नंबर लिहून घ्या आणि या पंपाचं काम करणाऱ्याला विचारा. कार्बोरेटर लावलेली आरएस दिसली तर लगेच नाक मुरडू नका, पूर्वी पंप बिघडला की लोक वैतागून कार्बोरेटर लावायचे, फक्त मूळ पंप आणि थ्रॉटल बॉडी खोक्यात ठेवलेत का विचारा. ते परत जमवणं सोपं नाही.

गिअरबॉक्सचं काय?

९१५ टाइप, पाच गिअर. पहिला गिअर डावीकडे वर पडतो. डावीकडे खाली पडत असेल तर तो त्याआधीचा ९०१ प्रकारचा बॉक्स आहे आणि या गाडीत त्याचं काही काम नाही. नंबर इंजिनसारखाच रेकॉर्डशी ताडून बघा.

ती शेपटी, म्हणजे डकटेल, खरी आहे हे कसं ओळखायचं?

प्रत्येकजण पहिला हात तिलाच लावतो आणि खरं तर ओळखीच्या कामाला ती सगळ्यात कमी उपयोगाची आहे, कारण तिच्या नकला पन्नास वर्षं बनतायत आणि चार बोल्ट काढले की अख्खं झाकण बदलता येतं. तरी सांगतो. टिलमन ब्रोडबेक आणि हेरमान बुर्स्ट या इंजिनिअरांनी ती तयार केली, जोरात जाताना ९११ चा मागचा भाग वर उचलला जायचा तो दाबून ठेवायला. टॉप स्पीडसुद्धा साडेचार किलोमीटरने वाढला, म्हणजे ती शोभेची कधीच नव्हती, आणि म्हणूनच मला तो आकार इतका आवडतो.

शेपटी फायबरग्लासची. लाइटवेटचं झाकण अख्खंच फायबरग्लासचं आणि ते रबरी पट्ट्यांनी अडकवलेलं, टूरिंगच्या बऱ्याच गाड्यांत खाली पत्र्याचं झाकण आणि वर फायबरग्लास. चुंबक फिरवा, लगेच कळेल. जुन्या फायबरची आतली बाजू बघा, ५० वर्षांत त्याला एक पिवळसर तपकिरी रंग येतो, इंजिनची धग लागलेल्या खुणा असतात. आतून पांढरंशुभ्र किंवा ताजं काळं असेल तर झाकण नवं. नवं झाकण असणं हा काही गुन्हा नाही, खूप गाड्यांची मूळ झाकणं अपघातात गेली.

मागचे रुंद मडगार्ड?

हे मात्र मनापासून तपासा. आरएसची मागची बॉडी ४२ मिलिमीटरने रुंद केली, चाक ७ इंची बसावं म्हणून, आणि हे काम कारखान्यात पत्र्यातच केलेलं आहे. खोट्या गाडीत साध्या मडगार्डची कड कापून वर नवा पत्रा वेल्ड करतात, किंवा त्याहून स्वस्तात, फायबर चिकटवतात.

गाडी उचला, मागचं चाक काढा. कडेच्या आतून बोट फिरवत जा, पुढून मागे पूर्ण. मूळ पत्र्याची दुमड एकसारखी लागते, जाडी बदलत नाही. कापून जोडलेल्या पत्र्याला आतून एक रेघ लागते, कधी ग्राइंड केलेली, कधी सीलंटखाली दडवलेली, आणि ती साधारण कडेपासून चार बोटं वर धनुष्यासारखी जाते. मग आतल्या मडगार्डकडे बघा, तिथले स्पॉट वेल्डचे गोल ठसे ठरावीक अंतरावर आहेत का? हाताने केलेल्या वेल्डिंगला ते अंतर पाळता येत नाही. दोन्ही बाजू बघा, एक बाजू मूळ आणि एक बाजू अपघातानंतर बदललेली असं पुष्कळदा असतं.

गाडीच्या उजव्या बाजूला ऑइल भरायचं झाकण दिसतंय, चालेल का?

नाही. दार आणि मागचं चाक यांच्या मध्ये ऑइलचं बाहेरचं झाकण फक्त १९७२ च्या मॉडेलला होतं. १९७३ ला ऑइलची टाकी परत मागच्या चाकामागे गेली आणि ते झाकण गेलं. ते असेल तर बॉडी १९७२ ची, विषय संपला. ते बुजवलेलं असेल तर त्या जागेवर चुंबक आणि रंगाची जाडी मोजायचं मीटर फिरवा.

चाकं ओरिजिनल आहेत का, कसं बघायचं?

फुक्स कंपनीची, फोर्ज केलेली, पुढे ६ इंच रुंद, मागे ७ इंच, दोन्ही १५ इंची. टायर पुढे १८५/७० आणि मागे २१५/६०. पुढे मागे वेगळ्या रुंदीची चाकं रस्त्यावरच्या पोर्शेला पहिल्यांदा याच गाडीने दिली. चाक उलटं करून आतल्या बाजूला बघा, तिथे माप, पार्ट नंबर आणि बनवल्याची तारीख ठोकलेली असते. तारीख गाडी बनायच्या थोडी आधीची हवी. गाडी जानेवारी १९७३ ची आणि चाकावर १९७८ असेल तर चाक खरं फुक्सचं आहे, या गाडीचं नाही.

रंग आणि "कॅरेरा" अक्षरं?

ग्रां प्री व्हाइट रंगावर निळी, लाल किंवा हिरवी अक्षरं आणि त्याच रंगात चाकांचा मधला भाग, हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यामुळे झालं काय, की पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रंगात बाहेर पडलेल्या गाड्या नंतर पांढऱ्या करून टाकल्या. मला याचं फार वाईट वाटतं. लाइट यलो, टँजरीन, व्हायपर ग्रीन, गल्फ ब्लू, या रंगात आरएस काय दिसायची! तुमच्या गाडीचा मूळ रंग दाराच्या खांबावरच्या रंगाच्या प्लेटवर आणि कारखान्याच्या नोंदीत सापडेल. खरा रंग बघायचा तर जिथे पुन्हा रंगवताना कोणी हात घालत नाही तिथे बघा: डॅशच्या मागे, डिक्कीच्या गालिच्याखाली, दाराच्या पॅनलच्या आत.

अक्षरांचं म्हणाल तर ते स्टिकर आहेत, कोणालाही लावता येतात. आणि उलटही खरं, अक्षरं नकोत असं सांगून गाडी घेता यायची, म्हणून कोरी बाजू बघून ती आरएस नाही असंही म्हणता येत नाही.

माझ्याकडे दाखवायला आलेली गाडी "लाइटवेट" म्हणतायत. स्पोर्ट आणि टूरिंग यातला फरक कसा पकडायचा?

आधी स्पोर्टमध्ये काय नव्हतं ते सांगतो. मागची सीट नाही, घड्याळ नाही, ग्लोव्ह बॉक्सला झाकण नाही, दाराला आर्मरेस्ट नाही, आतून दार ओढायला साधा पट्टा. गालिचा पातळ. सीट रेकारोच्या हलक्या बकेट. बोनेटवर, म्हणजे पुढच्या डिक्कीच्या झाकणावर, धातूचा बॅज नसून पोर्शेचं चिन्ह स्टिकरवर. खाली अंडरकोटिंगचा जाड थर नाही. वजन साधारण ९६० किलो, टूरिंगचं १,०७५. टूरिंगच्या आत जवळपास ९११ एसचंच सामान असतं.

आता अडचण बघा: यातली प्रत्येक गोष्ट "नसणं" आहे. नसणं खोटं करायला पाना आणि एक दुपार पुरते. म्हणून काढलेल्या गोष्टींच्या खुणा शोधायच्या. मागच्या सीटच्या जागी पत्र्यावर चिकटपणाचे डाग, गालिच्याच्या गोंदाच्या कडा, आर्मरेस्टचे स्क्रू बसायची भोकं बुजवलेली, बोनेटच्या टोकाला बॅजची दोन भोकं आतून भरलेली. धातूचा बॅज खिळ्यांवर बसतो, स्टिकरला भोकं लागत नाहीत, त्यामुळे बोनेट उघडून त्याच्या आतल्या बाजूला अगदी टोकाशी बघितलं की बऱ्याच "लाइटवेट" गाड्यांची कहाणी बाहेर येते. बॅजच्या भोकांवर शिशाचा किंवा वेल्डचा गोल ठिपका आतून राहतोच. खाली अंडरकोटिंग खरवडून काढलं असेल तर कोपऱ्यांत, ब्रॅकेटच्या मागे काळे अवशेष दिसतात.

काचा पण बघा. लाइटवेटला पातळ काच होती, ग्लाव्हरबेल कंपनीची, कोपऱ्यात मार्क असतो. काच फुटते आणि बदलली जाते, त्यामुळे मार्क नसला म्हणून लगेच निकाल देऊ नका, पण असला तर तो एक चांगला साक्षीदार.

आणि शेवटचा शब्द परत कागदाचाच. नोंदीत एम४७१ असेल तर स्पोर्ट, एम४७२ असेल तर टूरिंग. एम४७२ ची गाडी आतून कितीही रिकामी केली तरी ती रिकामी केलेली टूरिंगच. माझं सरळ मत आहे, आपलं सामान, आपला रंग आणि आपलं इंजिन सांभाळून असलेली टूरिंग ही लाइटवेटचं सोंग घेतलेल्या टूरिंगपेक्षा कितीतरी मोलाची गाडी आहे.

गंज लागून पत्रा बदललाय. मग ओरिजिनल कसं म्हणायचं?

गंज लागणारच. पोर्शेने ९११ ची बॉडी झिंक लावलेल्या पत्र्याची करायला सुरुवात केली ती १९७६ च्या मॉडेलपासून, आरएस त्याआधीची, त्यात पत्रा पातळ आणि लाइटवेटला खाली अंडरकोटिंग पण नाही. दाराखालचे सिल, पुढच्या डिक्कीचा तळ, सस्पेन्शन अडकवायच्या जागा, बॅटरीजवळचा भाग, इथे दुरुस्ती झालेली नसेल अशी गाडी सापडणं कठीण. तेव्हा दुरुस्ती झालीय का हा प्रश्नच नाही विचारायचा, कुठे झाली, किती झाली आणि फोटो ठेवलेत का हे विचारायचं. छत, खांब, मधला बोगदा आणि नंबराचा पत्रा मूळ असेल तर माझ्या हिशेबी गाडी तीच आहे. नंबराचा तुकडा एका गाडीचा आणि बाकी सगळं कवच दुसऱ्या ९११ चं असेल तर ती गाडी तीच आहे असं मी म्हणणार नाही, मग बिलं कितीही मोठी असोत.

आरएसआरला हेच सगळं लागू होतं का?

थोडंच. त्यात २,८०८ सीसीचं इंजिन, ३०० पीएसच्या आसपास, आणि त्या गाड्या खरंच रेसमध्ये झिजल्या. १९७३ ची डेटोना २४ तास शर्यत पीटर ग्रेग आणि हर्ली हेवूडने आरएसआरवरच जिंकली, त्याच वर्षी टार्गा फ्लोरिओ हेर्बर्ट म्युलर आणि खाइस व्हान लेनेपने. अशा गाडीची इंजिनं, मडगार्ड, दारं सीझनमध्ये कितीदा बदलली याला हिशेब नसायचा, त्यामुळे तिथे पार्ट नंबरापेक्षा सलग इतिहास महत्त्वाचा: कुठल्या शर्यतीत कोणाच्या नावावर, तेव्हाचे फोटो, पुढे कोणाला विकली. मध्ये दहा वर्षांची पोकळी असेल तर ती भरून मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कुठले कागद मागायचे?

कारखान्याचं कार्डेक्स, म्हणजे त्या गाडीचं मूळ कार्ड, त्यात चेसिस, इंजिन, गिअरबॉक्सचे नंबर, रंग, ऑप्शन, कुठल्या डीलरकडे गेली ते असतं. पोर्शेकडून मिळणारं सर्टिफिकेट. जुनी रजिस्ट्रेशनची कागदपत्रं, सर्व्हिस बुक, मालकांची साखळी. कागदाची झेरॉक्स दाखवून "ओरिजिनल लॉकरमध्ये आहे" म्हणाले तर लॉकर उघडायच्या दिवशीच व्यवहाराचं बोला. आणि कागद खरे असले तरी ते समोरच्याच गाडीचे आहेत हे पत्र्यावरच्या नंबरावरून ताडावं लागतंच, कारण मोडीत निघालेल्या आरएसचे खरे कागद घेऊन त्यावर दुसरी गाडी उभी करणं हा जुना धंदा आहे.

रेप्लिका घेतली तर चूक का?

अजिबात नाही. १९७३ च्या ९११ टी किंवा ९११ ईवर मन लावून केलेली आरएससारखी गाडी रोज चालवता येते, पार्किंगमध्ये लावताना जीव वरखाली होत नाही. फक्त तिला रेप्लिका म्हणून विकत घ्या, रेप्लिका म्हणूनच विका, आणि चेसिस नंबरला हात लावू नका.

रिस्टोअर करायला घेतलीय, जुने पार्ट टाकून देऊ का?

काहीही टाकू नका. खराब झालेलं मूळ झाकण, तडकलेली काच, झिजलेलं सीटचं कापड, गंजलेला बोल्टसुद्धा. प्रत्येकाला चिठ्ठी लावा, कुठून काढलं ते लिहा. रंग खरवडण्याआधी प्रत्येक पॅनलचे आतून बाहेरून फोटो काढा, विशेषतः पेन्सिलचे आकडे, स्पॉट वेल्ड, कारखान्यातल्या सीलंटचे ब्रशचे फटकारे. सँडब्लास्टिंग एकदा झालं की हे सगळं कायमचं जातं आणि नंतर कितीही पैसे ओतून परत येत नाही. नंबराच्या पत्र्याजवळ तर ब्लास्टिंग करूच देऊ नका, तिथे हाताने काम करायला सांगा.

गाडी बघायला जाताना बरोबर काय न्यायचं?

मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक, रंगाची जाडी मोजायचं मीटर, चांगला टॉर्च, हातभर दांड्याचा आरसा, भिंग, आणि कार्डेक्सची प्रत आधीच मागवून तिच्यावरचे सगळे नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद. गाडी लिफ्टवर घ्यायची आणि एक मागचं चाक काढायची परवानगी फोनवरच विचारून घ्या. गाडी पुसून धुऊन चकचकीत करून ठेवू नका असंही सांगा, खालचा मळ तसाच असला की ऑइलची गळती आणि नवं वेल्डिंग दोन्ही दिसतात. आणि या गाड्यांवर काम केलेला एखादा मेकॅनिक पैसे देऊन बरोबर न्या, तो इंजिन बघत असताना तुम्ही पुढची डिक्की उघडून पाचव्या आकड्यापासून सुरुवात करा.